चंद्रीची धास्ती

गाय गाभण राहिली की आमच्या मळमड्डीच्या घरातले आवाज खाली येत. एरवी त्या घरात हळू बोलणे कोणाला ठाऊक नव्हते. माणसे पंधरा-सोळा, त्यांत आम्ही मुलेच सात; बोलणे निम्मे मराठी, निम्मे कानडी, आणि दोन्ही वरच्या पट्टीतले. परंतु परसातल्या गोठ्यात गाय गाभण आहे असे ठरले की आजीचा कायदा लागू होई. गोठ्यापाशी बादली आपटायची नाही, परक्या माणसाने दावणीजवळ जायचे नाही, कुत्रे आत शिरू द्यायचे नाही, आंबोण घालणारा हात बदलायचा नाही. कारण विचारले तर तिचे उत्तर एकच असे : “मुक्या जनावराला धास्ती लागते, आणि धास्ती लागली की गाय गाभडते.”

मौज अशी की, रेल्वे या कायद्याला जुमानत नसे. धारवाडचे स्टेशन आमच्या घरापासून फार लांब नव्हते. तेव्हाची मीटरगेज गाडी वाफेच्या इंजिनाची. रात्री-अपरात्री तिची शिट्टी अशी घुमे की खेड्याहून आलेला पाहुणा अंथरुणात उठून बसे. गायी मात्र रवंथसुद्धा थांबवीत नसत. वडिलांनी एकदा आजीला हे थट्टेने दाखवून दिले, तेव्हा ती म्हणाली, “गाडी त्यांच्या ओळखीची आहे.” या उत्तरात किती शास्त्र भरले होते हे समजायला मला पन्नासहून अधिक वर्षे लागली. तिचे दुसरे वाक्य, ते धास्तीचे आणि गाभडण्याचे, ते मात्र त्याहून अवघड निघाले. त्या वाक्याने आमच्या घरातल्या एका माणसाचे आयुष्य पोखरले. म्हणून हे लिहावयास बसलो आहे.

चंद्री ही आमची कृष्णाकाठची गाय. वडिलांनी ती कालवड असताना अथणीकडच्या एका नातलगांकडून आणली होती. अंगाने भरभक्कम, पायांनी बुटकी, कपाळ पुढे आलेले, रंग करडा-पांढरा. या जातीला सरकारी दप्तरात ‘कृष्णा व्हॅली’ म्हणतात. सांगली-मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांनी तिची जोपासना केली असे म्हणतात. आता ती विरळाच दृष्टीस पडते. १९६६ च्या दिवाळीत चंद्री तिसऱ्या वेताला सात महिन्यांची गाभण होती आणि तिचे दूध आटवलेले होते. तिच्या एका बाजूला तिचीच पहिल्या वेताची कालवड बांधलेली असे. दुसऱ्या बाजूला होती त्याच भाद्रपदात बाजारातून आणलेली एक काळी गाय. “वासरू दगावले म्हणून विकतो आहे,” असे विकणाऱ्याने सांगितले होते. गाय स्वस्तात मिळाली म्हणून वडील खूश होते. तिघी एकाच दगडी गव्हाणीत तोंड घालीत.

गोठ्याचे काम धाकट्या काकूंकडे होते. काकूंना मूल नव्हते. त्यांना दोनदा दिवस राहिले होते आणि दोन्ही वेळा ते टिकले नव्हते. घरात याविषयी कोणी उघड बोलत नसे; पण वसुबारसेला गाय-वासराची पूजा होई तेव्हा काकू निरांजन धरून मागे उभ्या राहत, आणि हळदकुंकू आई लावी. त्या वर्षी आई नेमकी बाजूला बसलेली होती. आजी विधवा, त्या काळच्या रीतीप्रमाणे कुंकवाला ती पुढे होत नसे. थोडा वेळ सगळे घोटाळले आणि मग काकूच पुढे झाल्या. त्यांनी तिन्ही जनावरांना कुंकू लावले. चंद्रीच्या पुढे आलेल्या कपाळावर ते ठसठशीत उठून दिसले, एवढे मला आठवते.

दोन दिवसांनी नरकचतुर्दशी. मी दहा वर्षांचा. पहाटेच्या अंधारात अभ्यंगस्नानाची गडबड चालली असताना मी एक सुतळी बॉम्ब पेटवून परसात फेकला. तो गोठ्याच्या भिंतीला लागून खाली पडला आणि तिथेच फुटला. चंद्रीने दावे तोडले. ती गोठ्याच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली, अंगभर थरथरत, डोळे पांढरे करून. बंबातले कढत पाणी घेऊन काकू परसातून चालल्या होत्या. त्यांनी मला पाहिले. बादली खाली ठेवून त्या आत गेल्या, चंद्रीच्या मानेवरून हात फिरवीत उभ्या राहिल्या. ती शांत झाल्यावर बाहेर आल्या, बादली उचलली आणि गेल्या. मला एक शब्द बोलल्या नाहीत.

भाऊबीजेच्या रात्री चंद्री गाभडली.

वासरू मेलेलेच पडले. अंगावर नुसती लव होती. वार दोन दिवस पडली नाही. मग जनावरांच्या दवाखान्यातून माणूस आला आणि त्याने हात घालून ती काढली. ती सारी घाण काकूंनी उघड्या हातांनी उचलली, गोठा धुतला, आणि वासरू त्यांनीच परसातल्या शेवग्याखाली पुरले. संध्याकाळी आजी माजघरात बसली होती. ती कोणाकडेही न पाहता म्हणाली, “वसुबारसेला चंद्रीला कुंकू कुणी लावले होते?”

कोणी उत्तर दिले नाही. उत्तर सर्वांना माहीत होते. मी चकली खात होतो. ती तोंडात तशीच धरून मी काकूंकडे पाहिले. त्या तांदूळ निवडीत होत्या. मान वर केली नाही. फटाक्याची गोष्ट त्यांनी त्या दिवशी सांगितली नाही आणि पुढेही कधी सांगितली नाही. मीही सांगितली नाही. पुढच्या वर्षापासून वसुबारसेला काकू स्वयंपाकघरातून बाहेर येत नसत. १९७८ मध्ये गोठा मोडला तोवर तसेच चालले.

मार्गशीर्षात काकूंना ताप येऊ लागला. दुपार उलटली की चढे, पहाटे घामाने पातळ भिजे. कंबर आणि गुडघे धरून येत. मलेरिया म्हणून क्विनीन झाले, विषमज्वर म्हणून लंघन झाले, काढे झाले. चार दिवस बरे वाटे आणि पुन्हा तेच. होळीनंतर कधीतरी तो आपोआप उतरला. “फार मनाला लावून घेतले हिने,” असे शेजारणी म्हणत. १९६७ च्या पावसाळ्यात चंद्रीची कालवड सहाव्या महिन्यात गाभडली. त्या वेळी फटाका नव्हता, कुंकू नव्हते, काही नव्हते. पण तोवर घरात निकाल लागून गेला होता, आणि लागलेला निकाल फिरवण्याची आमच्या घरात रीत नव्हती.

हे सगळे मी माझ्या भाचीजवळ बोललो, तेही अगदी अलीकडे. ती बीदरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेली. दिवाळीत आली असताना बाहेर फटाके वाजत होते, म्हणून सहज विचारतो आहे असे दाखवून मी म्हणालो, “काय गं, फटाक्याच्या आवाजाने गाय गाभडते का?” तिने उलट विचारले, “मामा, किती महिन्यांची होती?” ‘होती’ हा शब्द ऐकला आणि मला कळले की, हिच्यापुढे आडपडदा चालायचा नाही.

त्यानंतर तिने जे सांगितले, आणि तिने दिलेली पुस्तके वाचून मला जे उमगले, ते माझ्या शब्दांत सांगतो. वाचकांपैकी ज्यांच्या घरी अजून गोठा आहे, त्यांना ते उपयोगी पडेल.

गाय फळली की अंडाशयात जिथून बीज बाहेर पडले त्या जागी एक पिवळसर गोळी तयार होते. आकार साधारण सुपारीएवढा. हिला पीतपिंड म्हणतात. सतराव्या शतकात हॉलंडच्या द ग्राफ याने ही गोळी पाहून तिचे वर्णन केले होते. पण ती करते काय, हे जर्मनीतील लुडविग फ्रेंकेल यांनी १९०३ मध्ये सशांवर दाखवले. पीतपिंड नष्ट केला की गर्भ टिकत नाही. पुढे १९२९ मध्ये अमेरिकेत कॉर्नर आणि ॲलन यांनी त्या पिंडाचा अर्क काढला, तो देऊन पिंडाविना गर्भ टिकवून दाखवला, आणि १९३४ मध्ये त्यातले मूळ द्रव्य शुद्ध रूपात हाती आले. तेच प्रोजेस्टेरॉन. गर्भाशयाला निजवून ठेवणे, कळा येऊ न देणे, गर्भाशयाचे तोंड बंद ठेवणे हे त्याचे काम. गायीचे दिवस सरासरी दोनशे ऐंशी-पंच्याऐंशी. तेवढे दिवस हा पहारा चालू असावा लागतो. बाईच्या पोटात तिसरा महिना लागण्याच्या सुमारास ही जबाबदारी वारेकडे जाते. शेळीत अखेरपर्यंत पीतपिंडच ती वाहतो. गाय या दोघींच्या मधली : पीतपिंड जवळजवळ शेवटपर्यंत लागतो, पण पाचव्या-सहाव्या महिन्यापासून वारही थोडा भार उचलू लागते. हे प्रोजेस्टेरॉन दुधातही उतरते. म्हणून गाय भरवल्यानंतर तीन आठवड्यांनी तिचे दूध तपासले तर ती राहिली की नाही याचा अंदाज येतो. आमच्या आजीला हे सांगितले असते तर तिला नवल वाटले नसते. दूध सगळे सांगते, असे ती म्हणतच असे.

आता धास्ती. मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी बसलेली अधिवृक्क ग्रंथी असते. जनावर दचकले की तिच्या गाभ्यातून ॲड्रिनलिन सुटते, ते क्षणार्धात. आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीचा निरोप पोचला की तिच्या सालीतून कॉर्टिसॉल सुटते, ते काही मिनिटांत. १९३६ मध्ये माँट्रियलच्या हान्स सेल्ये यांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवले की थंडी असो, जखम असो, विष असो वा अतिश्रम, शरीराचे उत्तर एका ठरावीक साच्याचे असते, आणि त्यात ही ग्रंथी फुगते. पुढे या अवस्थेला त्यांनी जे इंग्रजी नाव दिले त्याचे मराठी ‘ताण’ असे झाले. मला आजीचा शब्द अधिक बरा वाटतो. ताण दोरीलाही पडतो. धास्ती जिवालाच लागते.

धास्तीने दूध आटते, हे तर गोठ्यात वावरणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. आमच्या घरी कधीमधी एक म्हातारी गवळीण येई. तिची मराठी आमच्या मराठीहून निराळी, डोंगराकडची. अनोळखी माणूस गोठ्यात दिसला की ती धार सोडून उठे. “पान्हा चोरील,” म्हणे. १९४१ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातील ईली आणि पीटरसन या दोघांनी गायीच्या पाठीवर मांजर ठेवून आणि कागदी पिशव्या फुगवून फोडून नेमके हेच पाहिले. गायींनी पान्हा चोरला. कारण ॲड्रिनलिन पान्ह्याच्या आड येते. विद्वान प्राध्यापक मांजर घेऊन गोठ्यात शिरत आहेत हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

दूध चोरणे निराळे आणि गर्भ टाकणे निराळे. इथेच आजीची आणि माझी, दोघांची समजूत अडखळते. दचकलेल्या गायीचे प्रोजेस्टेरॉन त्या क्षणी घटत असेल असे मला वाटत होते. पण अंडाशये काढून टाकलेल्या, म्हणजे पीतपिंड नसलेल्या गायींनाही पोष ग्रंथीचे ते निरोपाचे संप्रेरक टोचले, तर त्यांच्या रक्तात कॉर्टिसॉलबरोबर प्रोजेस्टेरॉनही वाढते. ते येते अधिवृक्कातून. कारण दोघांची वाट एकच. कोलेस्टेरॉलपासून निघून कॉर्टिसॉलपर्यंत पोचताना मध्ये प्रोजेस्टेरॉनचा मुक्काम लागतो. हुबळीहून लोंढ्याला निघालेली गाडी धारवाडला थांबते तसे. गाडीला एकदम गर्दी उसळली की काही उतारू मधल्याच स्टेशनावर उतरतात. घाबरलेल्या आईच्या रक्तात, निदान तेवढा वेळ, गर्भ राखणारे द्रव्य थोडे जास्तच असते. ही निसर्गाची योजना आहे की नुसती सांडलवंड, यावर मी बोलणार नाही. पण मी हे वाचले त्या रात्री मला झोप आली नाही.

मग गायीला कळा केव्हा येतात? याचे उत्तर न्यूझीलंडच्या लिगिन्स यांनी १९६० नंतरच्या दशकात मेंढ्यांवर काम करून मिळवले, आणि गायीतही ते लागू पडले. जन्माची वेळ आई ठरवीत नाही. पोटातले पिल्लू ठरवते. दिवस भरले की वासराची स्वतःची अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल सोडू लागते. त्याने वारेतले प्रोजेस्टेरॉन इस्ट्रोजेनमध्ये बदलू लागते, गर्भाशयातून प्रोस्टाग्लँडिन सुटते, पीतपिंड विरतो, पहारा उठतो आणि कळा सुरू होतात. म्हणूनच शेवटच्या महिन्यात डॉक्टरांनी गायीला डेक्सामेथासोन टोचले, तर दोन-तीन दिवसांत ती विते. औषध वासराच्या कॉर्टिसॉलची बतावणी करते. “आणि सातव्या महिन्यात टोचले तर?” मी विचारले. भाची म्हणाली, “पाचव्यापासून आठव्यापर्यंत त्या एकट्या औषधाचा भरवसा नाही. गाय दाद देत नाही. मामा, सुईने भरून घातलेले जिथे पुरत नाही, तिथे तुमचा एक फटाका काय करणार? त्याचे कॉर्टिसॉल तास-दोन तासांत उतरते.”

याचा अर्थ धास्तीला मोकळे सोडावे असा मात्र नाही, आणि भाचीने तशी सूट दिली नाही. धास्ती रोजची झाली, म्हणजे उपासमार, मार, ऊन, लांबचे हाल, तर तिचा हिशेब कुठेतरी मांडला जातोच. गर्भ अगदी कोवळा असताना कडक उन्हाने तो जिरतो. १९८२ मध्ये फ्लॉरिडातील संशोधकांनी गाभण गायींपैकी काहींना शेवटच्या महिन्यांत सावली दिली आणि काहींना उन्हात ठेवले. उन्हातल्या गायींची वासरे सरासरी तीन किलोंनी हलकी भरली. १९९० नंतर टेक्सासमध्ये गाभण गायींना साठाव्या दिवसापासून एकशे चाळिसाव्या दिवसापर्यंत दर वीस दिवसांनी ट्रकमध्ये घालून फिरवले. त्यांना वासरे झाली. पण त्या वासरांना पुढे धरून बांधले तेव्हा त्यांच्या रक्तात चढलेले कॉर्टिसॉल उतरायला इतर वासरांपेक्षा जास्त वेळ लागला. आईची धास्ती पोराच्या अंगात मुरली, असे आजी म्हणाली असती.

या टेक्सासच्या गायींची जात ‘ब्राह्मण’. मळमड्डीत हे नाव ऐकून हसल्यावाचून राहील असा माणूस मला भेटायचा आहे. भारतातून नेलेल्या गीर, कांकरेज, ओंगोल आणि कृष्णाकाठच्या जनावरांपासून अमेरिकेत ती तयार झाली. म्हणजे चंद्रीच्या भाऊबंदांपैकीच कोणी तिथे ट्रकमध्ये चढले होते. इतक्या लांब जाऊन त्यांनी माझ्या प्रश्नाचे थोडे उत्तर दिले, याचे मला उगाच बरे वाटले.

एवढे झाल्यावर भाचीने प्रश्न विचारायला सुरुवात केली. वार आपोआप पडली होती का? नाही. गोठ्यात नवे जनावर आणले होते का? होय, भाद्रपदात, काळी गाय. तिचे वासरू? दगावलेले, विकणाऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे. ती पुढे नीट व्याली का? व्याली, आणि चंद्रीही पुढच्या वेळी नीट व्याली. मग तिसरी कोणी गाभडली का? चंद्रीची कालवड, पहिल्याच वेताला, सहाव्या महिन्यात. भाची थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “घरात कोणाला ताप आला होता का? येणारा-जाणारा, घामाचा?”

ब्रुसेलोसिस हे नाव मी तेव्हा प्रथम ऐकले. माल्टा बेटावर तापाने मेलेल्या सैनिकांच्या शरीरात डेव्हिड ब्रूस यांना १८८७ मध्ये हा जंतू सापडला, आणि गायी गाभडवणारा त्याचा भाऊ डेन्मार्कच्या बर्नहार्ड बांग यांनी १८९७ मध्ये शोधून काढला. गाभण गायीच्या वारेत एक प्रकारची साखर असते, ती या जंतूला फार मानवते. तो तिथे ठाण मांडतो. पाचव्या महिन्यानंतर गाय गाभडते, वार अडकते, आणि त्या घाणीतून शेजारच्या दावणीला रोग जातो. एकदा गाभडलेली गाय बहुधा पुन्हा गाभडत नाही, नीट विते, आणि रोग पसरवीत राहते. माणसाला तो कच्च्या दुधातून लागतो किंवा ती वार, ते वासरू उघड्या हातांनी उचलल्याने. मग चढउताराचा ताप, घाम, सांधेदुखी, महिनोन्महिने. आज त्यावर दीड महिन्याचा औषधोपचार आहे. बाईला दिवस असतील तर तिचाही गर्भ त्याने जाऊ शकतो. काकूंचे दोन गर्भ कशाने गेले हे आता कोणी सांगू शकणार नाही. मी तो धागा ओढणार नाही.

पण गायीचा धागा सोडवत नाही. या रोगात वासरू पडते कसे, हे सांगताना भाचीने पुन्हा त्याच संप्रेरकांकडे आणून सोडले. जंतूने वार सडवली की वासराला श्वास आणि अन्न कमी पडू लागते. ते पोटातच कासावीस होते. त्याची इवलीशी अधिवृक्क ग्रंथी वेळेआधी कॉर्टिसॉल सोडते, प्रोजेस्टेरॉन उतरते, आणि दिवस भरल्याचा खोटा निरोप गर्भाशयाला पोचतो. गायी बहुधा अशा रीतीने गाभडतात असे मानले जाते. म्हणजे आजी म्हणत होती ते खरे होते. धास्तीच होती. ती वासराची होती, आणि फटाका वाजला तेव्हा बहुधा ती कित्येक दिवसांची जुनी झाली होती.

‘बहुधा’ हा शब्द मी भाचीच्या सांगण्यावरून घातला आहे. रक्त कोणाचेच तपासलेले नाही. “पन्नास वर्षांनी शपथेवर सांगू नका,” ती म्हणाली, “पण माझ्यासमोर असा गोठा आज आला, तर फटाक्याचे मी विचारणारसुद्धा नाही. आधी हातमोजे घालीन.” २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना या रोगाची लस टोचतात, जन्मात एकदाच, पाड्यांना टोचत नाहीत. आपल्यापैकी कोणाच्या घरी कालवड असेल तर वय पाहून विचारावे. आणि कोणाची गाय गाभडलीच, तर ते वासरू आणि वार हाताने उचलू नये, गर्भार बाईला तिथे फिरकू देऊ नये, चुना घालून खोल पुरावे, आणि बाजारातून जनावर आणताना ‘वासरू दगावले’ या वाक्यापाशी जरा थांबावे.

काकू १९९१ मध्ये गेल्या. भाची परत गेली त्या रात्री मी बेळगावला अक्काला फोन केला. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिला सगळे सांगितले. फटाक्याचेही, आयुष्यात पहिल्यांदा. काकूंनी मला पाठीशी घातले, माझ्या वाटचा दोष मुकाट्याने अंगावर घेतला, अशी माझी इतकी वर्षे समजूत होती. त्या समजुतीने मला लाज वाटे आणि, खरे सांगायचे तर, थोडा आधारही वाटे.

अक्का म्हणाली, “फटाक्याचे मला ठाऊक आहे. काकूंनीच सांगितले होते. त्या तापात होत्या तेव्हा मी पाय चेपीत होते. मी म्हटले, मग आजीला सांगा ना, त्याने फटाका टाकला म्हणून. तर म्हणाल्या, फटाक्याने काय होते गं? पोरे फटाके उडवतातच. माझाच हात लागला तिला.”

मी काही बोललो नाही. अक्का पलीकडून विचारीत होती, त्या तापाला औषध तेव्हा धारवाडात मिळाले असते का?